उपाशीपोटी सात घोट

इस्पितळातून आलेली चिठ्ठी निमियाने दोनदा वाचून दाखवली, तरी तिचे वडील डॉन तासियानो ओवेलार यांचा चेहरा काही बदलला नाही. ते चुलीशेजारी बसून शिंगाच्या पेल्यातली गरम यर्बा, म्हणजे पाल्याचा कडू चहा, नळीने ओढत होते आणि चिठ्ठीकडे बघत होते. म्हणजे चिठ्ठी ज्या बाजूला असावी असा त्यांचा अंदाज होता, त्या बाजूला बघत होते.

"एक ऑगस्ट, सकाळी सात वाजता," निमिया म्हणाली. "रक्त आणि लघवी. बारा तास पोटात पाण्याशिवाय काही नको. उपाशीपोटी यायचंय."

"एक तारखेला नाही जमायचं."

"का?"

"एक तारखेला मी उपाशीपोटी असतो."

निमिया शाळेत कारकून होती. रोज पन्नास पालकांचे अर्ज वाचून तिला एक सवय लागली होती. वाक्य समजलं नाही तर ती आधी स्वतःलाच दोष द्यायची.

"तेच तर लिहिलंय बाबा यात."

"यात लिहिलंय तो रक्तासाठीचा उपास. माझा उपास कारुलिमसाठी. ते दोन वेगळे उपास आहेत, पोरी."

ताकुआपुकू गावात एक ऑगस्टला पहाटे सगळी माणसं कारुलिमचे सात घोट घेतात. उसाची दारू, त्यात ठेचलेला सतापाचा उग्र पाला आणि लिंबू, एवढंच असतं त्यात. ऑगस्ट हा महिना चांगला नाही. विषुववृत्ताच्या खालची थंडी ऑगस्टात सरता सरत नाही, गाईंच्या फासळ्या मोजता येतात आणि म्हातारी माणसं कुणालाही न विचारता निघून जातात. सात घोट घेतलेला माणूस सप्टेंबर बघतो. डॉन तासियानो यांनी एकाहत्तर वर्षांत हे घोट एकदाही चुकवले नव्हते. त्यांचे थोरले भाऊ पोर्फिरियो यांनी एकदाच चुकवले. डॉक्टरने त्यांना गोळ्या दिल्या होत्या आणि गोळ्यांबरोबर दारू नको, असं बजावलं होतं. पोर्फिरियोंनी ते तंतोतंत पाळलं. सव्वीस ऑगस्टला त्यांना उसाच्या ट्रकने उडवलं. गोळ्यांचा कोर्स मात्र पूर्ण झाला होता, हे त्या डॉक्टरनेही मान्य केलं.

दुसऱ्या बाजूला डोळे होते. डॉन तासियानो गाईच्या शिंगाचे पेले करायचे आणि त्यांवर गिऱ्हाइकाचं नाव कोरायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आल्यापासून हात ओळखीने चालत होता, पण अक्षरं ओळख देईनाशी झाली होती. मागच्या ईस्टरला एका माणसाने बायकोसाठी पेला करायला दिला. बायकोचं नाव डेलिया. पेल्यावर सेलिया आलं. सेलिया ही त्यांची शेजारीण होती. तो माणूस तीन आठवडे भावाकडे राहत होता. त्यानंतर डॉन तासियानो यांनी हत्यारं पेटीत ठेवली आणि पेटीवर बसून राहू लागले. जिल्ह्याच्या इस्पितळात शस्त्रक्रियेच्या यादीत नाव घातलं, त्याला अकरा महिने झाले होते. आता एकोणीस ऑगस्ट ही तारीख मिळाली होती. पण आधी रक्त. आणि रक्त एक तारखेलाच.

"कारुलिम प्यायल्यावर माणूस उपाशी कसा राहील?" निमियाने विचारलं.

"पिऊन कोण जेवलंय?"

"पोटात काहीतरी गेलं ना."

"काहीतरी नाही. कारुलिम गेलं. ते उपाशीपोटीच घेतात. त्याने उपास मोडत असता तर पहिल्या घोटाला मोडला असता आणि उरलेले सहा भरल्या पोटी झाले असते. मग सात घोट घेतलेत कुणी आजवर?"

निमियाला यात कुठेतरी चूक आहे हे कळत होतं. पण ती नेमकी कोणत्या घोटात आहे ते सापडेना.

*

एकतीस जुलैला दोघं न्या बासिलिया, म्हणजे बासिलियाबाई, यांच्याकडे गेली. बसथांब्याच्या कोपऱ्यावर न्या बासिलिया यांचं टेबल, टेबलावर लाकडी उखळी आणि मागे ओल्या पाल्याच्या जुड्या होत्या. येणारा माणूस आपलं दुखणं सांगायचा आणि त्या मुसळ उचलायच्या. त्यांनी आजवर कुणाचा रिपोर्ट मागितला नव्हता. गावात डॉक्टरपेक्षा त्यांचा शब्द चालायचा. कारण सरळ होतं. डॉक्टर दर दोन वर्षांनी बदलत आणि न्या बासिलिया यांनी पंचेचाळीस वर्षांत टेबलसुद्धा बदललं नव्हतं.

त्या दिवशी गर्दी होती आणि फादर गुमर्सिंदो हातात रिकामी बाटली घेऊन रांगेत पहिले उभे होते. निमियाने प्रश्न मांडला. न्या बासिलिया यांनी मुसळ न थांबवता निकाल दिला.

"आधी रक्त, मग कारुलिम. रक्त काढतात, घालत नाहीत. बाहेर गेल्याने उपास मोडत नाही."

"झालं तर मग," निमिया म्हणाली. तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलं.

"पण दुपारच्या घंटेच्या आत. बारानंतर ती नुसती दारू."

"आणि माझी रक्तदाबाची गोळी?" डॉन तासियानो यांनी विचारलं. "डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, त्या दिवशीही उठल्याबरोबर घ्यायची."

मुसळ थांबलं.

"गिळतोस का चघळतोस?"

"गिळतो."

"मग पोटात जाते. मग तू उपाशी कुठला राहिलास, तासियानो?"

"मोडत नाही," फादर गुमर्सिंदो म्हणाले. उपास हा त्यांचा धंद्याचा विषय होता आणि तो दुसऱ्या कुणी चर्चेला घेतलेला त्यांना आवडत नसे. "औषधाने उपास मोडत नाही. प्रभुभोजनाआधीच्या उपासालासुद्धा पाणी आणि औषध चालतं. हे रोममध्ये ठरलेलं आहे."

"औषध चालतं?" न्या बासिलिया यांनी विचारलं.

"चालतं."

"मग कारुलिम काय आहे, फादर?"

फादरनी हातातल्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. रांगेतल्या अकरा जणांनी फादरकडे पाहिलं.

"औषध आहे," ते म्हणाले.

"म्हणजे कारुलिमने उपास मोडत नाही. म्हणजे तासियानो आधी कारुलिम पिऊन गेला तरी तो उपाशीच."

"तसं म्हणता येईल."

"फादर, त्यात दारू आहे," निमिया म्हणाली.

"चर्चमधल्या मिस्सालाही असते."

"ती द्राक्षाची असते."

"उसाने काय पाप केलंय?" न्या बासिलिया म्हणाल्या आणि मुसळ पुन्हा सुरू झालं.

निमियाने त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग काढला. गोळी पहाटे घ्यायची. कारुलिमची बाटली तिच्याकडे राहील. बाबांचं रक्त निघेल, दंडावर कापूस लागेल आणि त्याच क्षणी ती बाटली काढून देईल. रोम, न्या बासिलिया आणि जिल्ह्याचं इस्पितळ, तिघांचंही समाधान.

*

हा मार्ग फक्त आपल्यालाच सुचला असेल असं तिला वाटलं होतं. एक ऑगस्टला साडेसहाला ती प्रयोगशाळेपुढच्या मार्गिकेत पोचली, तेव्हा तिथे त्रेचाळीस माणसं बसली होती आणि त्रेचाळीस कोटांच्या खिशांना एकसारखा फुगवटा होता. सगळीकडे सतापाचा वास होता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. उपाशी माणसं तशीही कमीच बोलतात.

पहिले आठ जण शिस्तीत गेले. माणूस आत जायचा, दंडावर कापूस दाबत बाहेर यायचा, भिंतीकडे तोंड करून बाटली काढायचा आणि ओठ हलवत सात मोजायचा. नवव्या बाईंना थंडी वाजत होती. त्यांनी आधीच घेतलं. त्यांच्या मागच्या तिघांनी नवव्या बाईंचं बघून घेतलं. प्रयोगशाळेतल्या विल्फ्रिदोने दहाव्या माणसाच्या दंडाला स्पिरिट लावलं आणि त्याला वाटलं, आपण जरा जास्तच लावलंय. अकराव्याच्या वेळी स्पिरिट लावायच्या आधीच वास आला. तेव्हा तो डॉक्टर आरासेलींना बोलवायला गेला.

डॉक्टर आरासेली डोळ्यांच्या शल्यविशारद होत्या. राजधानीतून येऊन त्यांना इथे तीन वर्षं झाली होती. कारुलिम काय असतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या सख्ख्या मावशीने त्यांच्या पदवीच्या दिवशी त्यांना सतापाचा हार घातला होता. त्या मार्गिकेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकदाच श्वास घेतला.

"बाटल्या टेबलावर ठेवा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी. रक्त दिलं की ज्याची त्याला परत मिळेल. मला साखर तपासायचीय, लिंबू नाही."

"बाटल्या सगळ्या सारख्याच आहेत, डॉक्टरीणबाई," एक जण म्हणाला. "माझं कारुलिम माझ्या सासूने केलंय. दुसऱ्याचं मला चालायचं नाही."

"आणि तुझ्या सासूचं आम्हाला नको," मागून कुणीतरी म्हणालं.

"विल्फ्रिदो, नावाच्या चिकटपट्ट्या लाव."

विल्फ्रिदोकडे नावं छापलेल्या पट्ट्या तयार होत्या. एकाच प्रकारच्या होत्या. पिवळ्या, वर माणसाचं नाव आणि खाली ठळक अक्षरांत 'लघवी'. त्याने क्षणभर विचार केला आणि लावल्या. उरलेल्या चौतीस जणांपैकी कुणीही आक्षेप घेतला नाही. ते सगळे मोतीबिंदूचे रुग्ण होते. ज्या एकीला वाचता आलं असतं ती निमिया, आणि ती तेव्हा खाली खिडकीवर शिक्का मारून घ्यायला गेली होती. जाताना तिने बाटली बाबांच्या हातात दिली होती, पाच मिनिटांसाठी. खिडकीवरच्या रांगेत दोन तास गेले.

नऊ वाजता विल्फ्रिदोची पाळी संपली. दहा ऑगस्टला मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा होता आणि हॉल ठरवायचा होता, म्हणून तो वेळेवर निघाला. नऊच्या पाळीची मुलगी हुशार होती आणि कामाला वाघ होती. तिने पाहिलं, टेबलावर चौतीस बाटल्या, सगळ्यांत हिरवट पिवळं काहीतरी, सगळ्यांवर नाव आणि पट्टी. नमुना अर्ध्या लिटरच्या बाटलीत आणलेला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. लोक जॅमच्या बरणीतही आणतात. तिने सगळं ट्रेमध्ये घेतलं आणि आतल्या यंत्रावर लावलं.

*

साडेदहाला सगळ्यांचं रक्त देऊन झालं होतं आणि टेबल मोकळं होतं. चौतीस माणसं दंडावर कापूस धरून त्या टेबलाकडे बघत होती. निमिया प्रत्येक दाराशी जाऊन विचारत होती. कुणाला काही माहीत नव्हतं. अकराला दहा कमी असताना डॉक्टर आरासेलींच्या खोलीतून हाक आली.

"डॉन तासियानो ओवेलार. आणि बरोबर कोण आहे त्यांना घेऊन या. सावकाश."

त्यांनी डॉन तासियानो यांना स्वतः हाताला धरून बसवलं. नाडी पाहिली. पुन्हा पाहिली.

"कसं वाटतंय?"

"भूक लागलीय."

"चक्कर येतेय का? आज वार कोणता?"

"एक तारीख. वार काय करायचाय?"

डॉक्टर आरासेली खुर्चीत बसल्या. त्यांच्यापुढे कागदांचा गठ्ठा होता.

"डॉन तासियानो, या कागदाप्रमाणे तुमच्या लघवीत अडतीस टक्के अल्कोहोल आहे." त्या थांबल्या. "आणि एक पान आहे."

"कसलं पान?"

"ते अजून कळलेलं नाही. बाहेर बसलेल्या सगळ्यांचं तसंच आहे. एका बाईंच्या नमुन्यात लिंबाची बी निघाली. मी राजधानीला फोन लावलाय."

डॉन तासियानो खुर्चीच्या कडेला सरकले. मग त्यांनी सावकाश विचारलं,

"सांडली तर नाही ना?"

"काय?"

"माझी बाटली. मी अजून लघवी दिलेलीच नाही, डॉक्टरीणबाई. कुणी मागितलीच नाही."

निमियाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डॉक्टर आरासेलींनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला, पेन कागदावर ठेवलं आणि फोन करून राजधानीला सांगितलं की काही नाही, प्रश्न सुटलाय.

बाटल्या परत आल्या. प्रत्येकीतून दहा-दहा मिलिलीटर कमी झालं होतं, पण सात घोटांना पुरून उरेल इतकं होतं. इस्पितळात मद्यपानाला बंदी होती, म्हणून चौतीस माणसं फाटकाबाहेर फुटपाथवर ओळीने उभी राहिली आणि त्यांनी मोजून आपापले घोट घेतले. डॉन तासियानो यांनी टोपी काढून घेतले. सातव्या घोटानंतर त्यांनी बाटलीला बूच लावलं, उरलेलं कारुलिम खिशात ठेवलं आणि निमियाला म्हणाले, "चल, तारीख पक्की करून येऊ."

सगळं तिथेच संपायला हरकत नव्हती.

*

"रक्त उत्तम आहे," डॉक्टर आरासेली म्हणाल्या. "एकोणीस तारखेला सकाळी आठला. उजवा डोळा आधी."

"आणि कापणार कोण?"

"मीच."

डॉन तासियानो यांनी मान हलवली. उठायला म्हणून हात टेकले आणि मग तसेच राहिले.

"तुम्ही घेतलंत ना?"

"काय?"

"सात घोट."

"नाही."

निमियाला पुढचं वाक्य येताना दिसलं, पण तिला ते अडवता आलं नाही.

"मग एकोणीस तारखेचं नको," डॉन तासियानो म्हणाले. "मी राहीन. मी घेतलंय. पण तुमचं काय, डॉक्टरीणबाई? माझा डोळा अर्धा उघडा असताना तुम्हाला काही झालं तर?"

"मला काही होणार नाही. मी चौतीस वर्षांची आहे."

"पोर्फिरियो अठ्ठावन्नचा होता. चांगला धडधाकट."

"मी असल्या गोष्टी मानत नाही, डॉन तासियानो."

"माना असं कुठे म्हणतोय मी? घ्या म्हणतोय."

दार उघडं होतं. बाहेर तेहतीस माणसं आपापल्या तारखांसाठी थांबली होती. त्यातल्या अठरा जणांची शस्त्रक्रिया ऑगस्टमध्येच होती आणि एकाच हातून होती. हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणालाही आजवर सुचला नव्हता. आता सुचला. दिसत नसलं की माणसाचे कान तयार होतात, त्यामुळे प्रश्न मार्गिकेच्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

"मागच्या ऑगस्टमध्ये मी बावीस जणांचे डोळे केले," डॉक्टर आरासेली बाहेर ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "कारुलिम न घेता."

"सगळे नीट झाले?" डॉन तासियानो यांनी विचारलं.

डॉक्टर आरासेली प्रामाणिक होत्या. त्या दिवशी हे त्यांच्या फार उपयोगाचं ठरलं नाही.

"दोघांना थोडा त्रास झाला. डोळ्यातला दाब वाढला होता. बरे झाले. एवढं सगळीकडे होतं."

"दोन," डॉन तासियानो दाराकडे तोंड करून म्हणाले.

"दोन," दारातला माणूस मागच्याला म्हणाला. मार्गिकेच्या शेवटी पोचेपर्यंत त्या दोघांच्या मरणाचे महिन्याचे मिस्सा होऊन गेले होते.

मग लोक एकेक करून आत येऊ लागले. कुणी भांडलं नाही. प्रत्येकाने टोपी काढली, डॉक्टरीणबाईंच्या तब्येतीची चौकशी केली, आपली तारखेची चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि सप्टेंबरात बघू म्हणून सांगितलं. एका आजीने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. अकरा चिठ्ठ्या जमल्यावर डॉक्टर आरासेली म्हणाल्या,

"सप्टेंबरची यादी दुसऱ्या डोळ्यांनी भरलीय. ज्याने तारीख सोडली त्याचं नाव शेवटी जाईल. पुढच्या जुलैत."

"जुलै चांगला महिना आहे," आजी म्हणाल्या.

निमियाने वडिलांकडे पाहिलं. ते खिशातली बाटली चाचपत शांत बसले होते. बोटांच्या पेरांवर जुन्या कोरणीचे वण होते. पुढचा जुलै म्हणजे आणखी अकरा महिने पेटीवर बसून. तिने दार लावून घेतलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "मी पण नाही मानत. पण माझे वडील आता घरातल्या घरात भिंत धरून चालतात. सात घोट फक्त. घ्या ना."

"कामावर असताना दारू घेतली तर माझी नोकरी जाईल. आणि जायलाच पाहिजे."

"आज कुणाचा डोळा कापायचाय?"

"आज फक्त तपासणी आहे. तीही झाली."

"मग अर्ध्या दिवसाची रजा टाका. कामावरच नसाल तर कसली नोकरी जातेय? फॉर्म असेल ना?"

डॉक्टर आरासेलींनी टेबलावरच्या अकरा चिठ्ठ्यांकडे पाहिलं. मग खण उघडला.

अर्ज निमियानेच भरला. या बाबतीत जिल्ह्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. 'रजेचे कारण' या रकान्यात तिने 'प्रतिबंधक औषधोपचार' असं लिहिलं. बाराला बारा मिनिटं कमी होती. वरिष्ठांची सही घेऊन खाली येईपर्यंत सात उरली.

"एक विचारायचं राहिलं," डॉन तासियानो फाटकाशी म्हणाले. "सकाळपासून काय खाल्लंत?"

"तुम्ही खाऊ दिलंय का मला काही? पहाटे एक पेला यर्बा घेतली तेवढीच."

मागच्या लोकांत कुजबूज झाली.

"साखर घालून?"

"नाही."

"मग ते औषध झालं. रोममध्ये ठरलेलं आहे," डॉन तासियानो म्हणाले आणि त्यांनी बाटलीचं बूच काढलं.

डॉक्टर आरासेलींनी पांढरा कोट काढून निमियाकडे दिला, म्हणजे रजा स्पष्ट दिसावी. चौतीस जणांनी मोठ्याने मोजलं. तिसऱ्या घोटाला त्यांना मावशी आठवली. पाचव्याला डोळ्यांत पाणी आलं आणि आजींनी ते शालीच्या टोकाने पुसलं. सातवा घोट आणि चर्चची पहिली घंटा एकाच वेळी झाली. घोट आधी की घंटा आधी, यावर फुटपाथवर थोडी चर्चा झाली. पण पुढच्या जुलैपर्यंत थांबायची खरं म्हणजे कुणाचीच इच्छा नव्हती, त्यामुळे घोट आधी असं एकमताने ठरलं. लोक आत गेले आणि त्यांनी टेबलावरून आपापल्या चिठ्ठ्या उचलल्या. कुणाची कुठली ते त्यांना दिसेना, म्हणून निमियाने वाचून वाटल्या.

*

एकोणीस तारखेला उजवा डोळा झाला. वीस तारखेला सकाळी डॉक्टर आरासेलींनी स्वतः पट्टी काढली. डॉन तासियानो यांनी आधी खिडकी पाहिली, मग खिडकीबाहेरचं संत्र्याचं झाड, मग आपले हात. हात त्यांनी बराच वेळ पाहिले, पालथे करून, उताणे करून. मग त्यांनी मान वळवून डॉक्टर आरासेलींकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं? दुखतंय?"

"तुम्ही एवढ्या लहान आहात?"

"मी वय सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतं. पण दिसलं नव्हतं. दिसलं असतं तर मी सुरी लावू दिली नसती, पोरी." त्यांनी एकदा आपल्या हातांकडे पाहिलं. "सात घोट घेतलेत म्हणून निभावलं."

डॉक्टर आरासेलींनी थेंबांचं औषध लिहून दिलं, दिवसातून चार वेळा घाला म्हणून सांगितलं आणि डॉन तासियानो यांनी ते निमूटपणे खिशात ठेवलं. एवढ्या वर्षांत त्यांनी डॉक्टरच्या एखाद्या औषधाला प्रश्न न विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. ते पुन्हा खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि झाडावरची संत्री मोजू लागले.

"डावा डोळा दोन सप्टेंबरला," डॉक्टर आरासेली निमियाला म्हणाल्या. त्यांनी नोंदवही उघडली, तारीख लिहिली आणि वही मिटली नाही. ऑगस्टचं पान त्यांच्यापुढे होतं. एक ते वीस तारखेपर्यंत पंधरा डोळे झाले होते. 'त्रास' या रकान्यात पंधराच्या पंधरा जागा कोऱ्या होत्या. त्यांनी बोटाने तो रकाना वरून खालपर्यंत तपासला. मग खालून वर.

"एक विचारू?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ते सात घोट. त्यांचं... किती दिवस असतं ते?"

"महिनाभर म्हणतात," निमिया म्हणाली. "एकतीसपर्यंत."

"सप्टेंबरात?"

"सप्टेंबरात लागत नाही म्हणतात."

"म्हणजे तेव्हा नसतं."

"नसतं."

डॉक्टर आरासेलींनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"तुम्ही मानता का यातलं काही?"

"छे. तुम्ही?"

"अजिबात नाही," डॉक्टर आरासेली म्हणाल्या. त्यांनी वहीतली दोन सप्टेंबर खोडली आणि अठ्ठावीस ऑगस्ट लिहिलं.